मोफत वकील मिळवून देताना: गरजूंच्या सोबतीला जाणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

कोर्टाची नोटीस आली की गरीब घरात पहिलं बोलणं निघतं ते पैशाचं. वकील किती घेईल, उसने कुणाकडून आणायचे, डोरलं गहाण टाकायचं का. त्याच घरातल्या बाईला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो आणि त्यासाठी तिला गरिबीचा एकही दाखला द्यावा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला, ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो देशभर लागू आहे. त्याच्याही आधी, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९ अ हे कलम आलं आणि गरिबीमुळे कुणाचा न्याय अडू नये याची जबाबदारी सरकारवर टाकली गेली. तरीही लोक सावकाराकडे जातात, कारण तालुक्याच्या कोर्टात मोफत वकील मिळवून देणारी खोली कुठे आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

हे लिखाण ती खोली दाखवणाऱ्यांसाठी आहे. बचत गटातल्या ताई, आशा आणि अंगणवाडी सेविका, शाळेतले गुरुजी, संघटनेचे कार्यकर्ते, कायद्याचे विद्यार्थी, किंवा घरातली चार बुकं शिकलेली भाची. विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. वकील मिळवून देणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे वकील मिळाल्यावर तारखा, कागद आणि विचारपूस धरून ठेवणं. गरिबांचे दावे कायदा कमी पडल्यामुळे बुडतात त्यापेक्षा जास्त, तारखेला कुणी न गेल्यामुळे बुडतात. त्यामुळे पुढे मी अर्जापेक्षा अर्जानंतरच्या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

मोफत मदत कुणाला मिळते

कायद्याचं कलम १२ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. खालील लोकांना उत्पन्नाची कोणतीही अट नाही:

- कोणतीही स्त्री आणि १८ वर्षांखालील कोणतंही मूल
- अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती
- अपंग व्यक्ती, मानसिक आजार असलेली व्यक्तीसुद्धा
- मानवी तस्करीचा किंवा वेठबिगारीचा बळी
- पूर, दुष्काळ, भूकंप, मोठी औद्योगिक दुर्घटना, जातीय अत्याचार किंवा दंगल यांचा फटका बसलेली व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- पोलीस कोठडीत, तुरुंगात, सुधारगृहात किंवा बालगृहात असलेली व्यक्ती

यांपैकी कशातच न बसणाऱ्या माणसाला उत्पन्नाची मर्यादा लागते. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी ५ लाख. ही मर्यादा प्रत्येक राज्य आपापली ठरवतं, म्हणून सुरतेत किंवा इंदुरात खटला चालू असलेल्या मराठी कुटुंबाने तिथल्या प्राधिकरणाकडे विचारावं. गोव्याचं राज्य प्राधिकरणही वेगळं आहे.

बायकांच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. "तिचा नवरा नोकरीला आहे, तिला कसा मिळेल मोफत वकील?" असं चांगले शिकलेले लोकही म्हणतात. नवऱ्याचा पगार, सासरची शेती, माहेरची परिस्थिती, यातलं काहीही पाहिलं जात नाही. ती स्त्री आहे एवढं पुरेसं आहे.

दुसरा गैरसमज असा की ही मदत फक्त कोर्टातल्या खटल्यांसाठी असते. कायद्याच्या व्याख्येत कोर्टासोबत इतर प्राधिकारी आणि न्यायाधिकरणंही येतात, आणि नुसता सल्लाही येतो. सात-बारावर विधवेचं नाव लावताना दिरांनी हरकत घेतली आणि प्रकरण तहसीलदाराकडे किंवा प्रांताकडे गेलं, तर तिथेही मोफत वकील मागता येतो. खेड्यात याचा उपयोग फार मोठा आहे आणि तो जवळजवळ कुणी करत नाही.

मदतीत काय काय येतं? वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, निकालाच्या आणि कागदपत्रांच्या नकला, लागल्यास भाषांतर. पक्षकाराच्या खिशातून पैसे जाऊ नयेत हा हेतू आहे. गावाहून कोर्टात येण्याजाण्याचं भाडं मात्र साधारणपणे ज्याचं त्यालाच करावं लागतं, हे आधीच सांगून टाकावं.

पहिली बैठक

माणूस तुमच्याकडे आला की लगेच सल्ला देऊ नका. आधी त्याला बोलू द्या. गोष्ट सरळ येत नाही. जमिनीच्या वादातून लग्नात शिरते, लग्नातून दहा वर्षांपूर्वीच्या मारहाणीत. येऊ द्यावी. त्यात तुम्ही दोनच गोष्टी शोधायच्या आहेत: कुणाच्या जिवाला आज धोका आहे का, आणि कुठली तारीख डोक्यावर आहे का.

जिवाला धोका असेल तर कागद बाजूला ठेवा. ११२ वर फोन, बाईसाठी १८१, मुलासाठी १०९८. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे काही दिवस राहण्याची सोय होते. पोलीस आयुक्तालयात किंवा अधीक्षक कार्यालयात महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्ष असतो. त्याची सुरुवात १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिथल्या समाजसेविका पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यायला सोबत करतात.

तारखेचं म्हणाल तर कायद्यातल्या मुदती गरिबाची वाट पाहत नाहीत. नेहमी लागणाऱ्या काही पाठ करून ठेवा:

- दिवाणी दाव्याचं समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारण ऐकून ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. त्यापुढे एकतर्फी हुकूम होण्याचा धोका असतो.
- तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली की हरकतीसाठी १५ दिवस. फेरफार मंजूर झालाच तर प्रांताकडे अपिलाला ६० दिवस.
- दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस.
- ग्राहक तक्रारीला २ वर्षं.
- अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं.

मुदत उलटून गेली असली तरी माणसाला परत पाठवू नका. विलंब माफीचा अर्ज असतो. उशीर का झाला याचे पुरावे मात्र त्याच दिवसापासून जमवायला लागा: दवाखान्याचे कागद, बाहेरगावी ऊसतोडीला गेल्याचं मुकादमाचं पत्र, नोटीस उशिरा मिळाल्याचं पाकीट. ते पाकीट लोक हमखास फेकून देतात. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच बऱ्याचदा सगळ्यात मोठा पुरावा ठरतो.

कागद

गोष्ट ऐकून झाली की एका कोऱ्या पानावर ती तारीखवार लिहा. डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडलं. तारीख आठवत नसेल तर "२०२१ च्या दिवाळीनंतर", "धाकटीच्या बारशाच्या आधी" असं लिहिलं तरी चालतं, नंतर जुळवता येतं. हे एक पान वकिलाच्या हातात पडलं की त्याचा अर्धा तास वाचतो. ज्याच्या टेबलावर फायलींचा ढीग आहे असा वकील तुमच्या माणसाकडे नीट लक्ष देईल, याची ती सगळ्यात चांगली सोय आहे.

मग कागदांची पिशवी उघडा. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, सात-बारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, नोटीस, आधीच्या तक्रारींच्या पोच. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद त्या माणसाकडेच राहू द्या. तुमच्याकडे नको आणि कोर्टाने मागितल्याशिवाय वकिलाकडेही नको. मोबाइलमधले मेसेज आणि रेकॉर्डिंग पुसू नका, फोनच बदलायची वेळ आली तर जुना फोन तसाच जपून ठेवा.

कुठे जायचं

जिथे प्रकरण चालू आहे किंवा चालणार आहे, तिथल्या कोर्टाच्या आवारात जायचं. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. प्रधान जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष, आणि रोजचं कामकाज पाहणारे सचिव हेही न्यायाधीशच असतात. उच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी वेगळी समिती आहे, मुंबईत आणि नागपूर व छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठांतही. दिल्लीतल्या प्रकरणांसाठी सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समिती.

पहिल्यांदा जाताना कोर्टाच्या फाटकावर कुणालाही "मोफत वकील कुठे मिळतो" असं विचारू नका. आवारात गिऱ्हाईक शोधणारे असतात, ते तुमच्या माणसाला भलतीकडे नेतील. "विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कुठे आहे" असंच विचारा. तिथे समोरच्या टेबलावर एक वकील आणि एक विधी स्वयंसेवक बसलेले असतात. सल्ला तिथल्या तिथे मिळतो, अर्जही तिथेच लिहून देतात.

जाता येत नसेल तर १५१०० हा देशभराचा मोफत मदत क्रमांक आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्जही करता येतो. गावातल्या सामाईक सेवा केंद्रावरून टेली-लॉ योजनेत वकिलाशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येतं. नुसता सल्ला हवा असेल तर हे फार सोयीचं आहे. पण खटला दाखल करायचा असेल तर शक्यतो प्रत्यक्ष जा. माझा अनुभव असा की समोर बसलेल्या माणसाचा अर्ज लवकर पुढे सरकतो.

३ लाखांच्या थोडं वर उत्पन्न असलेला रिक्षावाला किंवा छोटा दुकानदार यात बसत नाही, आणि त्याचीही परवड होते. त्याच्यासाठी विधी महाविद्यालयांची मदत केंद्रं आहेत, पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयासारखी. केंद्र सरकारच्या न्यायबंधू उपक्रमात विनामूल्य काम करायला तयार असलेल्या वकिलांची नोंदणी असते, तिथेही विचारून पाहावं.

अर्ज

अर्ज एका पानाचा असतो. नाव, पत्ता, कोणत्या वर्गात बसतो, प्रकरण काय, समोरचा कोण, काय मदत हवी. मराठीत लिहिलेला चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथला स्वयंसेवक लिहून घेतो आणि अंगठा घेतो. अर्जाला पैसे लागत नाहीत.

उत्पन्नाच्या दाखल्यावरून माणसं तहसीलच्या खेपा घालून थकतात. कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अर्जदाराने उत्पन्नाबद्दल केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे दाखला हातात असेल तर जोडा. नसेल तर प्रतिज्ञापत्र करा आणि अर्ज आजच द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेची पोच घ्यायला विसरू नका.

अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा असा नियम आहे. प्रकरणात प्रथमदर्शनी काहीच तथ्य नाही असं वाटलं तर प्राधिकरण मदत नाकारू शकतं. नकार आला तर कारण लेखी मागा आणि अध्यक्षांकडे दाद मागा. कधीकधी नकार प्रकरणात तथ्य नसल्यामुळे आलेला नसतो, अर्ज धड न लिहिल्यामुळे आलेला असतो. ते तारीखवार पान जोडून पुन्हा दिला की तोच अर्ज मंजूर होतो.

वकील नेमल्यानंतर

नेमणुकीचं पत्र हातात पडलं की लोकांना वाटतं, झालं. खरं काम इथून सुरू होतं.

नेमणूक झाल्याच्या आठवड्यातच पहिली भेट ठरवा. सोबत ते तारीखवार पान, झेरॉक्सचा संच आणि प्रश्नांची यादी न्या. बोलणं पक्षकारालाच करू द्या. तुम्ही अडलं तिथे शब्द पुरवा, मधे मधे गोष्ट सांगू नका. वकिलाला त्या बाईच्या तोंडून ऐकायचं असतं, कारण पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात तीच उभी राहणार आहे. खोलीत सासरची किंवा माहेरची माणसं असतील तर तिला एकटीला वकिलाशी बोलायला मिळेल असं पाहा. भावासमोर ती सगळं सांगेलच असं नाही.

वकीलपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी त्यावर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, वकील कितीही भला असला तरी. इंग्रजीत तयार झालेला प्रत्येक कागद मराठीत समजावून घ्यायचा, आणि मगच सही करायची.

भेटीतून निघण्याआधी पाच गोष्टी वहीत उतरलेल्या असल्या पाहिजेत: कोर्टाचं नाव आणि दालन, केस नंबर, सीएनआर नंबर, पुढची तारीख, आणि त्या तारखेला पक्षकाराने यायलाच हवं का. यातला सीएनआर नंबर फार मोलाचा आहे. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा असा एक नंबर असतो. मोबाइलवर ई-कोर्ट सर्व्हिसेसचं ॲप उतरवून तो टाकला की मागच्या तारखा, पुढची तारीख आणि बऱ्याच खटल्यांतले हुकूमही दिसतात. पैसे लागत नाहीत. "वकील तारीखच सांगत नाहीत" ही तक्रार या एका नंबराने जवळजवळ संपते. घरातल्या शाळकरी पोरीला ते ॲप वापरायला शिकवा, तिच्यासारखी हिशेब ठेवणारी दुसरी कुणी नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी पक्षकाराला फोन करून आठवण करा. रोजंदारीवर जाणाऱ्याला एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि चार वेळा नुसती पुढची तारीख मिळाली की पाचव्यांदा तो जात नाही. नेमकी तीच तारीख साक्षीची असते. म्हणून आधीच वकिलाला विचारून ठेवा की कुठल्या तारखेला पक्षकार नसला तरी चालेल. जिथे चालेल तिथे त्याला कामावर जाऊ द्या. जिथे चालणार नाही तिथे सकाळी साडेदहाच्या आत त्याला दालनाबाहेर बसवा. बोर्डावर त्याचा नंबर कितवा आहे ते पाहा. पुकारा झाला आणि पक्षकार चहाला गेला होता, असं होऊ देऊ नका.

प्रत्येक तारखेनंतर तीन ओळी लिहा: आज काय झालं, कोण हजर होतं, पुढे काय. शंका असेल तर रोजनामा पाहा, त्यात कोर्टाने त्या दिवसाची नोंद केलेली असते. एखादा महत्त्वाचा हुकूम झाला तर नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यायला वकिलाला सांगा, कारण अपिलाची मुदत हुकुमाच्या दिवसापासून धावायला लागते.

पोटगीच्या प्रकरणांत अंतरिम पोटगीचा अर्ज दिला आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. मूळ अर्जाचा निकाल लागायला वेळ जातो आणि तोवर तिने आणि मुलांनी खायचं काय? घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात अर्जावरची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात तेवढ्यात होत नाही, पण त्या तरतुदीचा हवाला देऊन जवळची तारीख मागता येते. संरक्षण अधिकारी तालुक्याला किंवा जिल्ह्याला असतो. त्याने घटनेचा अहवाल वेळेत कोर्टात दिला की नाही, हेही विचारत राहावं लागतं. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्याचं प्रकरण असेल तर पीडितांना पैशाची मदत देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेबद्दल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लगेच विचारणा करा.

वकील पैसे मागत असेल किंवा काम करत नसेल तर

प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. "टायपिंगचे द्या", "साहेबांच्या चहापाण्याचे" असं म्हटलं तरी नाही. असं झालं तर वकिलाशी तिथे भांडू नका. तारीख, वेळ, रक्कम आणि काय शब्द वापरले ते लिहून सचिवांना अर्ज द्या. तक्रार खरी ठरली तर वकिलाचं नाव यादीतून काढता येतं. प्रकरणांवर लक्ष ठेवायला प्राधिकरणात देखरेख समितीही असते.

वकील तारखेला येत नाही, फोन उचलत नाही, कागद परत देत नाही, अशी वेळ आली तर वकील बदलून मागता येतो. तो हक्क आहे, उपकार नाही. पण बदलण्याआधी एकदा शांतपणे भेटा. मोफत प्रकरणांत वकिलाला मिळणारं मानधन बाहेरच्या फीच्या मानाने बरंच कमी असतं, आणि तरीही जीव ओतून काम करणारे वकील मी पाहिले आहेत. कित्येकदा अडचण एवढीच असते की पक्षकाराने मागितलेला कागद आणून दिलेला नसतो आणि वकिलाला वाटतं की याला रस नाही. मधला माणूस म्हणून तुमची खरी किंमत इथे आहे. भेटूनही सुधारणा झाली नाही तर मात्र रेंगाळू नका, लेखी अर्ज द्या.

माणूस कोठडीत किंवा तुरुंगात असेल तर

इथे तास मोजले जातात. अटक झाल्याचं कळलं की पोलीस ठाण्यात जाऊन तीन गोष्टी विचारा: गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, आणि कोणत्या कोर्टात कधी उभं करणार. मग सरळ जिल्हा न्यायालयातलं लोकअभिरक्षक कार्यालय गाठा. २०२२ च्या योजनेतून ही कार्यालयं उभी राहिली. तिथे मुख्य, उपमुख्य आणि सहाय्यक लोकअभिरक्षक हे पूर्णवेळ पगारी वकील असतात, आणि ते फक्त आरोपींच्या बाजूने मोफत काम करतात. जसा सरकारी वकील तसाच हा बचावाचा वकील. अटकेनंतरच्या पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोठडीच्या पहिल्या सुनावणीपासून, ते उभे राहू शकतात.

हा हक्क महाराष्ट्रातल्या माणसांच्या झगड्यातून घट्ट झाला आहे. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत मोफत मिळालीच पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही. मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांवर होणाऱ्या अत्याचारांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी पाठवलेलं पत्र न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं, आणि १९८३ च्या निकालात पोलिसांना बजावलं की अटक झाली की जवळच्या कायदा मदत समितीला कळवा. २०१२ च्या कसाब निकालात न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्यावर मोफत वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. पोलीस ठाण्यात कुणी "वकील नंतर बघू" म्हणालं तर तुमच्या पाठीशी काय आहे, ते तुम्हाला ठाऊक असावं.

जामिनाबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले आहेत.

पहिली गोष्ट, पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) मुदतीत आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मुदत गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांची आहे. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. एकसष्टावा किंवा एक्याण्णवावा दिवस वहीत लाल शाईने लिहून ठेवा.

दुसरी, या संहितेचं कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने (ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याने) त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, आणि इतरांनी निम्मा काळ, तर त्याच्या सुटकेचा विचार करावा लागतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असतील तरी अडचण येते. तुरुंग अधीक्षकाने स्वतः कोर्टाला कळवायचं असतं, पण तुम्ही हिशेब मांडून अधीक्षकाला आणि प्राधिकरणाला पत्र दिलंत तर हालचाल लवकर होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात दुखरी आहे. जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच राहतो, कारण जामीनदार नाही किंवा रक्कम भरायला पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. त्यात जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी जिल्हा पातळीवरच्या समितीकडून मदत मिळू शकते. २०२३ मध्ये तिची मर्यादा जामिनासाठी ४०,००० आणि दंडासाठी २५,००० रुपये ठरली होती; आताची मर्यादा प्राधिकरणात विचारून घ्या. ही योजना कुणाच्या कानावर गेलेली नसते. तुम्ही सांगा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो. तो पोहोचतो त्या तुरुंगांत त्याच्या समाजसेवकांनाही भेटा, नातेवाईक शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

लोकअदालतीत जाताना

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. दाखल झालेलं प्रकरण आणि दाखलपूर्व वाद, दोन्ही तिथे ठेवता येतात. कोर्टात भरलेली फी तडजोड झाल्यावर परत मिळते. वीजबिल, बँकेचं थकलेलं कर्ज, अपघाताची भरपाई, चेक न वटल्याचा खटला अशांसाठी ही चांगली जागा आहे.

पण तिथे झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून घाईत सही नको. हप्ता किती, कधीपासून, एक हप्ता चुकला तर काय, पोटगी कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात, हे सगळं निवाड्यात लिहिलेलं असलं पाहिजे. नवरा-बायकोच्या प्रकरणात "मिटवून टाका, संसार आहे" असा दबाव भोवतालचे सगळे मिळून आणतात. मारहाण होत असलेल्या घरात परत जायला ती मनापासून तयार नसेल, तर तडजोड झाली नाही म्हणून तिचा दावा बुडत नाही, तो परत कोर्टात चालतो. हे तिला आत जाण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगा.

वीज, पाणी, टपाल, वाहतूक, विमा, दवाखाना अशा सार्वजनिक सेवांबद्दलचा वाद असेल तर स्थायी लोकअदालतीकडे जाता येतं. ती १ कोटी रुपयांपर्यंतचे वाद हाताळते, आणि समेट झाला नाही तर निर्णयही देऊ शकते.

आपण काय करायचं नाही

वकिली करायची नाही. कोर्टात उभं राहायचं नाही, निकाल काय लागेल याचं भाकीत करायचं नाही. मदतीचे पैसे घ्यायचे नाहीत, कोंबडी-तांदूळसुद्धा नाही. ऐकलेली गोष्ट पारावर जाऊ द्यायची नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, हे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असणाऱ्या प्रत्येकाला माहीत करून द्या. आणि एकाच वादातल्या दोन्ही बाजूंना तुम्ही सोबत करू शकत नाही. समोरचाही हक्कदार असेल तर त्याला प्राधिकरणाचा रस्ता दाखवा, त्याला वेगळा वकील मिळेल.

गावात मदतीचं टेबल सुरू करायचं असेल तर

आठवड्यातला एक ठरलेला दिवस, शक्यतो बाजाराचा. ग्रामपंचायतीची किंवा समाजमंदिराची खोली, दोन खुर्च्या, एक आडोसा. बाईशी बोलायला बाई असावी. तालुका समितीला पत्र देऊन कळवा. ते विधी स्वयंसेवकाचं प्रशिक्षण आणि ओळखपत्र देतात, कायदेविषयक शिबिरासाठी न्यायाधीश आणि वकीलही पाठवतात. भिंतीवर मोठ्या अक्षरांत १५१०० लिहा आणि त्याखाली: "बाई, मूल, अनुसूचित जाती-जमात, अपंग, अटकेतला माणूस: वकील मोफत, उत्पन्नाची अट नाही."

एक रजिस्टर ठेवा. त्यात रकाने थोडेच असावेत: नाव, प्रकरणाचा प्रकार, अर्जाची तारीख, वकिलाचं नाव, सीएनआर नंबर, पुढची तारीख. दर सोमवारी त्या आठवड्यातल्या तारखा एका चिठ्ठीवर काढा आणि फोन करायची कामं वाटून घ्या. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या शेजाऱ्याचा नंबर रजिस्टरमध्ये आधीच घेतलेला असावा.